गोळी मिळते, भाजीचं काय? आरोग्य खात्याला खुलं पत्र

राज्याच्या आरोग्य खात्यात निर्णय घेणाऱ्या सर्वांना,
सप्रेम नमस्कार.

मी वऱ्हाडातल्या कापसाच्या पट्ट्यातली शेतकरी बाई. घरची चार एकर जमीन आहे. त्यातल्या दीड एकरात विहिरीच्या पाण्यावर भाजीपाला करते आणि गेली चौदा वर्षं आठवडी बाजारात पाल टाकून बसते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हे गाऱ्हाणं एका गावाचं नाही आणि एका कार्यालयाविरुद्धही नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या ग्रामसभेनं एक ठराव केला. गावातल्या शुगरच्या, बीपीच्या आणि रक्त कमी असलेल्या रुग्णांना डॉक्टरांनी गोळ्यांच्या चिठ्ठीसोबत भाजीपाल्याची आणि फळांचीही चिठ्ठी द्यावी. त्या चिठ्ठीवर बाजारात ठरावीक रकमेचा ताजा माल मिळावा आणि त्याचे पैसे शासनानं द्यावेत. सुरुवातीला एकाच उपकेंद्रात, एकच वर्ष. ठरावाचा मसुदा मी लिहिला होता आणि बचत गटाच्या सतरा बायांनी त्यावर सह्या-अंगठे केले होते. चार महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: औषध खरेदीच्या निधीतून भाजीपाला देण्याची तरतूद नाही.

तरतूद नाही हे आम्हालाही माहीत होतं. असती तर ठराव कशाला केला असता? ती करा, एवढंच तर मागत होतो. त्या एका ओळीनं मला झोप लागू दिली नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट आहे. दुपारी तीनचा सुमार, बाजार नुकता भरत होता. एक मावशी माझ्या पालाशी आली. पिशवीतून केस पेपरची घडी डोकावत होती. तिनं मेथीची जुडी उचलली, नाकाशी नेली.

"कितीले?"

"वीसले, मावशी. उन्हाळा आहे ना."

"डॉक्टरनं पाला खाय म्हणलं. शुगर निंघाली मले." मग जुडी हातातल्या हातात तोलत ती म्हणाली, "घरी पाच जन आहेत बाई. शिजली का मुठभर होते हे."

तिनं जुडी परत ठेवली. ठेवताना विस्कटलेली पानं बोटांनी नीट सारखी केली. मग शेजारच्या पालावर जाऊन वीस रुपयांचे आलू घेतले. मी मागून जाऊन ती जुडी तिच्या पिशवीत टाकली, तर ती घ्यायला तयार होईना. कशीबशी घ्यायला लावली. पण संध्याकाळपर्यंत केस पेपर घेऊन आलेल्या आणखी तिघी तशाच भाव विचारून गेल्या. किती जणींच्या पिशवीत मी जुड्या टाकणार?

ती मावशी अडाणी नव्हती. डॉक्टरांचं म्हणणं तिला पूर्ण कळलं होतं. वीस रुपयांत पाच ताटं कशानं भरतात, हेही तिला कळत होतं. म्हणून माझी पहिली तक्रार ही आहे की ज्याची आम्हाला कमतरता नाही, तेच तुम्ही देता आहात. दवाखान्याच्या भिंतीवर ताटाचं रंगीत चित्र आहे. तपासणी शिबिरात छापील पत्रकं वाटतात. आशाताई घरोघर सांगून जातात. सांगणं भरपूर झालं. आमच्याकडे कमतरता माहितीची नाही, पैशाची आहे.

हिशेब मी करू शकते, तराजू रोज माझ्याच हातात असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात माणशी दिवसाला साधारण 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळं सांगितली आहेत. जागतिक आरोग्य संघटना दोन्ही मिळून किमान 400 ग्रॅम म्हणते आणि त्यात बटाटा धरत नाही. पाच माणसांच्या घराला पोषण संस्थेच्या हिशेबानं दिवसाला अडीच किलो माल लागेल. सरसकट चाळीस रुपये किलो धरले तरी रोजचे शंभर, महिन्याचे तीन हजार. आमच्याकडे बाईला निंदणाचे दोनशे-अडीचशे रुपये मिळतात आणि तेही काम असेल त्या दिवशी. कापूस वेचून झाला की मार्च ते मे शेतात काम नसतं. नेमकी त्याच महिन्यांत भाजी सगळ्यात महाग असते.

रेशनचं धान्य मिळतं, 2023 पासून फुकट मिळतं, त्याबद्दल तक्रार नाही. त्यानं पोट भरतं. पण शुगरच्या माणसाच्या ताटात भात, पोळी आणि आलूची भाजी एवढंच असेल, तर गोळी एकटी किती झुंजणार?

दुसरी तक्रार माझ्या आईची आहे. माझं माहेर तीस किलोमीटरवर. आई जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबली. शुगर निघाली तेव्हा पासष्टीला आली होती. ती दर महिन्याला गोळ्या आणायला जायची. तिला विचारायचे, "पालेभाजी खाता ना, आजी?" ती म्हणायची, "खातो ना." केस पेपरवर नोंद व्हायची की आहाराबद्दल समुपदेशन केले. मी एकदा सोबत होते. बाहेर आल्यावर विचारलं, "आई, खोटं काऊन बोलली?" ती म्हणाली, "घरात भाजीले पैसे नाही, हे त्या पोरीले कसं सांगू?"

ती पोरगी म्हणजे तिथली सिस्टर. चांगली होती, आईशी मायेनं बोलायची. तिच्यापुढंसुद्धा आईला लाज वाटली. तीन वर्षांनी आईच्या डाव्या पायाचा अंगठा काढावा लागला. भाजी मिळाली असती तर अंगठा नक्की वाचला असता, असं मी म्हणत नाही. डॉक्टर नाही मी. शुगरमध्ये पायाची निगा, वेळेवर गोळी, तंबाखू, अशी दहा कारणं असतात. पण तिच्या कागदावर उपचार म्हणून लिहिलेली एक गोष्ट तिला तीन वर्षांत एकदाही मिळाली नाही, आणि कागद मात्र म्हणत राहिला की सगळं झालं आहे. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी संपली असती तर कुणीतरी वर कळवलं असतं. भाजी नाही, हे कळवायला तुमच्या नोंदवहीत रकानाच नाही.

आता तरतुदीबद्दल. माझी मुलगी नागपूरला नर्सिंग शिकते. ठरावाचं उत्तर आलं तेव्हा तिनं मला एक जुनी गोष्ट शोधून वाचून दाखवली. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात माउंड बायू नावाचं गाव आहे. आपल्यासारखाच कापसाचा मुलूख. 1960 च्या दशकात तिथं वेचणीची यंत्रं आणि तणनाशकं आली आणि कापसावर जगणाऱ्या काळ्या मजुरांची कामं गेली. जॅक गायगर नावाच्या डॉक्टरांनी सहकाऱ्यांसोबत तिथं गरिबांसाठी आरोग्य केंद्र काढलं. उपासमारीनं वाळलेली लेकरं समोर येऊ लागली, तेव्हा ते चिठ्ठीवर औषधासारखं अन्न लिहून देऊ लागले. गावातले किराणा दुकानदार त्या चिठ्ठीवर माल द्यायचे आणि बिल केंद्राच्या औषधांच्या पैशातून चुकतं व्हायचं. वरून आक्षेप आलाच. औषधाचा पैसा आजारावरच्या औषधालाच वापरायचा असतो, असं त्यांना सांगण्यात आलं. गायगर यांनी उत्तर दिलं की, शेवटचं पाहिलं तेव्हा तरी पाठ्यपुस्तकात कुपोषणावरचा इलाज म्हणून अन्नच लिहिलेलं होतं.

ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. साठ वर्षांपूर्वी, सात समुद्रापलीकडे, तेच उत्तर अन् तेच कापसाचं रान! त्या लोकांनी पुढं शेकडो कुटुंबांची सहकारी शेती उभी केली आणि कापसाच्या मुलखात भाजीपाला पिकवायला लागले.

आज अमेरिकेत याला कायद्याचा आधार आहे. 2018 च्या त्यांच्या शेती कायद्यात भाज्या-फळांच्या चिठ्ठीसाठी पैसा ठेवला गेला. आहाराशी जोडलेला आजार किंवा त्याचा धोका असलेल्या गरीब माणसाला दवाखान्यातून कूपन किंवा कार्ड मिळतं. ते शेतकरी बाजारात नाहीतर दुकानात चालतं आणि त्यावर फक्त भाज्या-फळं घेता येतात. 2023 मध्ये तिथल्या 12 राज्यांत 22 ठिकाणी चाललेल्या 9 उपक्रमांचा एकत्रित अभ्यास आला. शुगरच्या रुग्णांची तीन महिन्यांची सरासरी शुगर, ज्याला एचबीए1सी म्हणतात, 0.29 ने उतरली होती आणि बीपीच्या रुग्णांचा वरचा आकडा सरासरी 8 ने. पण त्यात तुलनेला दुसरा गट नव्हता. त्याच वर्षी सोडत काढून दोन गट पाडलेल्या एका काटेकोर चाचणीचेही निष्कर्ष आले. तिथं अन्न मिळालेल्यांची आणि न मिळालेल्यांची शुगर जवळपास सारखीच उतरली. हे मी लपवत नाही. मुलीनं दोन्ही वाचून दाखवलं आणि दोन्ही तुमच्यापुढं ठेवते आहे. म्हणूनच आम्ही राज्यभर योजना मागितली नव्हती, एका वर्षाची परीक्षा मागितली होती. आमच्या मातीत, आमच्या ताटात काय होतं ते मोजून बघा, एवढंच.

आणि परदेशात तरी कशाला जायचं? क्षयरोगाच्या रुग्णाला पोषणासाठी केंद्र सरकार 2018 पासून महिन्याला 500 रुपये खात्यात देत आलं आहे आणि नोव्हेंबर 2024 पासून ते 1,000 झाले. झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्यांना तांदूळ-डाळीची शिधापिशवी देऊन अभ्यास झाला, तो 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या घरांत फुफ्फुसाचा क्षयरोग होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यानं कमी झालं. म्हणजे अन्न हा उपचाराचा भाग आहे, हे आपल्याच सरकारनं मान्य करून पैसे दिले आहेत. मग शुगरच्या आणि रक्त कमी असलेल्या माणसाला वेगळा न्याय कशासाठी? 2019-21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 54 टक्क्यांहून जास्त बायांमध्ये रक्त कमी आढळलं, आणि पाच वर्षांच्या आतल्या लेकरांमध्ये जवळपास 69 टक्के. लोहाच्या गोळ्या तुम्ही देता. लोह अंगी लागायला सोबत लिंबू, आवळा, संत्रं हवं, हेही तुमच्याच पत्रकात आहे. संत्र्यासाठी सगळा देश ज्या विदर्भाचं नाव घेतो, तिथल्या मजुराच्या घरात संत्रं कधी येतं? बागेत तोडणीला गेली तर फुटकं-तुटकं पदरात घेऊन येते तेव्हा.

तिसरी गोष्ट तुमच्या खात्याच्या हातातली नाही, तरी सांगते, कारण लोक विचारतात की पूर्वी कुठं कूपनं होती. पूर्वी पावसाळ्यात भाजी विकत घ्यायची गरज पडत नव्हती. माझी सासू निंदायला जाताना पदराचा रिकामा ओटा घेऊन जायची आणि येताना भरून आणायची. पहिल्या पावसानंतर तरोट्याची कोवळी पानं, मग कुंजर, चिवळ. पऱ्हाटीच्या ओळीत अंबाडी आणि बरबटी पेरलेली असायची, वाळकं आणि शेंदाडं वेलावर असायची. धुऱ्याच्या काटेरी झुडपात काटवल. तिला कुणी जीवनसत्त्वं शिकवली नव्हती, पण आषाढ-श्रावणात तिच्या चुलीवर रोज वेगळी भाजी शिजायची. आता पेरल्यापासून तणनाशक आहे. तरोटा उगवायच्या आत जळतो. निंदण गेलं, तशी बाईची मजुरी गेली आणि ओट्यातली भाजीही गेली. उरलीसुरली धुऱ्यावर असते, पण 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, त्यानंतर तिला हात लावायची भीती वाटते. तुम्ही म्हणाल, परसबागा लावा. लावल्या आम्ही. विहीर ज्याची त्याची परसबाग फेब्रुवारीनंतर टिकते. जिथं प्यायचं पाणी दोन फर्लांगावरून डोक्यावर येतं, तिथं वाफे वाळतात.

दुसरीकडे डिसेंबर-जानेवारीत आमच्यासारख्यांकडे माल पडून असतो. दोन वर्षांपूर्वी वांग्याला चार रुपये किलो भाव लागला, तोडणीसुद्धा निघाली नाही. तीन पोती वांगी मी ढोरांपुढं टाकली. माझ्या वावरापासून हाकेच्या अंतरावर शुगरचे आठ रुग्ण राहतात. त्यांचे दरवाजे मला माहीत आहेत. मधला दुवा तेवढा नाही आणि तो जोडायचं काम तुमचं आहे.

कुणी म्हणेल, ही भाजीवाली आहे, स्वतःचा माल खपवायला पत्र लिहिते. खरं आहे, चिठ्ठी सुरू झाली तर माझ्यासारख्यांचा फायदा होईल आणि व्हावा असंच मला वाटतं. तरी हा संशय आड येत असेल तर पहिल्या वर्षी चिठ्ठीवर माझा माल घेऊ नका. तसं लिहून द्यायला मी तयार आहे.

आमचं मागणं असं आहे.

विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांत किमान एकेका प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षभरासाठी भाजीपाल्याची चिठ्ठी सुरू करा. त्यासाठी निधीचं वेगळं शीर्ष काढा, गोळ्यांचा पैसा तोडू नका. एका रुग्णाला आठवड्याला 150 रुपयांची चिठ्ठी असावी. चाळीस रुपये भावानं त्यात साडेतीन किलोच्या वर माल येतो, म्हणजे रोजचा अर्धा किलो. घरात लेकरं असतील तर रक्कम वाढवा. हे फार महत्त्वाचं आहे, म्हणून थोडं खोलात सांगते. आमच्याकडची आई स्वतःच्या नावावर आलेली भाजी आधी पोरांच्या ताटात वाढणार, मग नवऱ्याच्या, आणि उरलेल्या रश्श्यात भाकर चुरून स्वतः खाणार. चिठ्ठी एकटीच्या मापाची असेल तर रुग्णाच्या पोटात काहीच जाणार नाही आणि वर्षाअखेर तुम्ही म्हणाल, बघा, फरक पडला नाही.

माल ताजाच हवा आणि तालुक्यातलाच हवा. आठवडी बाजारातला किंवा बचत गटाचा. ठेकेदार नको. पावडर, पाकीट, डबाबंद रस यातलं काही नको, शुगरच्या माणसाला रस तर नकोच. बाजार आठवड्यातून एकदाच भरतो आणि फ्रिज कुणाकडे नाही. मेथी-पालक तिसऱ्या दिवशी कोमेजतात. तेव्हा चिठ्ठी दोन भागांत वटवता यावी: अर्धी बाजाराच्या दिवशी, अर्धी मधल्या वारी उपकेंद्राजवळ बसणाऱ्या गटाकडून. आम्ही पिकवणाऱ्यांनीही फवारणीनंतर तोडणीला जितके दिवस थांबायचं तितके थांबलंच पाहिजे. कृषी सहायकांनी येऊन माल तपासावा, आमची ना नाही.

कुणाला काय द्यायचं ते डॉक्टरांनीच ठरवावं. किडनी खराब झालेल्या माणसाला केळी, संत्री, पालेभाज्या मोजूनमापून द्याव्या लागतात, ते आम्हा भाजीवाल्यांना कसं कळणार? म्हणून तर आम्ही नुसतं अनुदान न मागता दवाखान्याची चिठ्ठी मागतो आहोत.

सुरुवातीला, सहा महिन्यांनी आणि वर्षानं रुग्णांची एचबीए1सी, बीपी, हिमोग्लोबिन तपासा आणि कुणाचंही नाव न घेता आकडे ग्रामसभेत वाचून दाखवा. फरक पडला नाही तर बंद करा, आम्ही वाद घालणार नाही. आणि आजपासूनच, एका पैशाचाही खर्च न करता, केस पेपरवर एक प्रश्न वाढवा: सांगितलेला आहार घरी परवडतो का? तो विचारताना उत्तर देणाऱ्याची मान खाली जाणार नाही, एवढी काळजी घ्यायला सिस्टरना सांगा. माझ्या आईला कुणी असं विचारलं असतं, तर ती कदाचित खरं बोलली असती.

आमच्या ठरावाला पुन्हा उत्तर द्या. नकार असेल तरी चालेल, पण कारणासह आणि सहीसह द्या. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत आम्ही हाच ठराव परत मांडतो आहोत. या वेळी शेजारच्या चार गावांच्या बायाही येणार आहेत. तुमचं उत्तर त्याआधी आलं तर मी ते तिथं मोठ्यानं वाचून दाखवीन.

आपली,
आठवडी बाजारात बसणारी एक शेतकरी